अर्धा तास बसवून ठेवलेला हात : त्वचेचा ओलावा मोजणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
त्वचेच्या चाचण्यांचे नियम लिहिणाऱ्या समित्या, ओलावा मोजणारी उपकरणं बनवणारे अभियंते आणि चाचणी-प्रयोगशाळांचे प्रमुख,

सप्रेम नमस्कार.

मी पंधरा वर्षं लोकांच्या हातांवर प्रोब, म्हणजे ओलावा मोजणाऱ्या उपकरणाची दांडी, टेकवण्याचं काम केलं. माणूस आला की त्याला बाह्या कोपरापर्यंत वर करायला सांगायचं, थंड खोलीत बसवायचं, घड्याळ लावायचं. अर्धा तास झाला की हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मधे, प्रोब हलकेच दाबायचा. एकाच जागी पुन्हा न टेकवता शेजारी शेजारी पाच रीडिंगं घ्यायची, सरासरी काढायची, रकान्यात लिहायची आणि पुढच्या माणसाला आत बोलवायचं. हे काम मी मन लावून केलं आणि त्यातल्या शिस्तीबद्दल मला आजही आदर आहे. तरीही एक गोष्ट मनात सलत राहिली, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे एका चाचणीसाठी वाफेच्या इस्त्रीवर काम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. दिवसातले आठ-नऊ तास त्या गरम वाफेसमोर उभ्या असत. बोटांच्या पेरांवर आणि मनगटाजवळ त्वचा तडकलेली, जागोजागी पांढुरकी झालेली. मी त्यांना नेहमीप्रमाणे अर्धा तास बसवलं आणि रीडिंग घेतलं. आकडा चांगला आला. ‘तुमच्या त्वचेत ओलावा पुरेसा आहे,’ असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, ‘इथं गारव्यात बसल्यावर बरंच वाटतं हो. पण तुम्ही कामावर येऊन बघा ना.’

मी गेले नाही. नियमात ते बसत नव्हतं. कामाच्या जागी घेतलेलं रीडिंग कुठल्याही अहवालात धरलं गेलं नसतं, आणि ते का धरायचं नाही हे मला चांगलं ठाऊक होतं.

आधी त्या नियमाची बाजू मांडते, कारण तो उगीच झालेला नाही. त्वचेच्या अगदी वरचा मृत पेशींचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो शरीराच्या बहुतेक भागांवर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. त्याच्या खालच्या जिवंत पेशींमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असतं, आणि वर पृष्ठभागाशी येईपर्यंत ते १५ ते ३० टक्क्यांवर उतरतं. या पातळ पडद्यातून पाणी सतत, न दिसता, वाफ होऊन हवेत जात असतं. धडधाकट हातावर, शांत बसलेल्या माणसात, हे प्रमाण दर चौरस मीटरला तासाला साधारण ५ ते १० ग्रॅम इतकं असतं. त्वचेचा पडदा शाबूत आहे की फाटला, हे या बाष्पहानीवरून कळतं. स्वीडनमध्ये गर्ट निल्सन यांनी १९७७ साली उघड्या नळीतून ती मोजण्याची पद्धत मांडली आणि आजची बरीच उपकरणं त्याच तत्त्वावर चालतात.

आता यात घाम आणून बघा. उन्हात राबणाऱ्या माणसाला तासाला एक लिटर घाम येणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. तो लिटर अंगभर पसरला असं धरलं, तर दर चौरस मीटरला तासाला साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम होतात. आपण मोजायला निघालो होतो पाच-दहा ग्रॅम. त्या घामाचा एक टक्का जरी प्रोबखाली राहिला तरी आकडा सरळ दुप्पट होतो, आणि एवढा घाम डोळ्यांना दिसतही नाही, हाताला लागतही नाही. म्हणून २० ते २२ अंशांची खोली, म्हणून ४० ते ६० टक्क्यांच्या आतली आर्द्रता, म्हणून पंधरा ते तीस मिनिटांची बैठक. घर्मग्रंथी शांत झाल्या की उरतं ते त्वचेचं स्वतःचं गळणं. या युक्तिवादात मला आजही खोट दिसत नाही.

तक्रार आहे ती पुढच्या पायरीबद्दल. घाम बाजूला काढायचा म्हणून आपण उष्णताही बाजूला काढली, आणि मग त्या गार खोलीतला आकडा ‘या माणसाच्या त्वचेचा ओलावा’ म्हणून छापू लागलो. तो आकडा खरा आहे, पण फक्त त्या खोलीपुरता. भट्टीपाशी, शेतात, तापलेल्या पत्र्याखाली किंवा बॉयलरशेजारी दिवस काढणाऱ्या माणसाच्या त्वचेबद्दल तो काही सांगतो असं म्हणायला आपल्याकडे आधार नाही. कारण उष्णतेत त्वचा निराळी वागते, आणि ती कशी वागते हे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे.

शृंगस्तरातल्या पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थांचे थर असतात. मुख्यतः सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्लं. भिंतीत विटा आणि त्यांच्यामधला चुना, अशी त्याची उपमा या क्षेत्रात रूढ आहे. हा चुना थंड असताना घट्ट रचलेला असतो. त्वचेचं तापमान पस्तीस-चाळीस अंशांच्या पट्ट्यात शिरलं की त्या स्निग्ध रेणूंची रचना सैल पडू लागते. त्वचेचं नेहमीचं तापमान ३२ ते ३४ अंश असतं हे लक्षात घेतलं, तर हा पट्टा किती जवळ आहे ते कळेल. त्वचा सात-आठ अंशांनी तापली की घामाशिवायची बाष्पहानीसुद्धा जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे आपण ज्याला त्वचेचं ‘स्वतःचं’ गळणं म्हणतो तेही तापमानावर टांगलेलं आहे. गार खोलीत बसवून ठेवल्यावर नुसता घाम थांबत नाही, भिंतही पुन्हा घट्ट होते. इस्त्रीवाल्या बाईंची भिंत माझ्यासमोर अर्धा तास घट्ट होत होती आणि मी ती घट्ट झाल्यावर मोजली.

त्यानंतर घाम सुटतो तेव्हा चित्र आणखी बदलतं. आता पाणी खालून वर झिरपत नाही, बाहेरून आत मुरतं. मृत पेशी पाणी पिऊन फुगतात, त्यांची जाडी वाढते. फुगलेल्या पेशींनी घामाच्या नळ्यांची तोंडं आवळली की ओल्या त्वचेवर घाम येणंच कमी होतं. घामोळ्यांची सुरुवातही अशाच अडलेल्या नळ्यांतून होते. पाण्यात फार वेळ भिजलेल्या शृंगस्तरात त्या स्निग्ध थरांची रचनाही विस्कटते. या अवस्थेत कुठलंही ओलावामापक यंत्र भरघोस आकडा दाखवेल, आणि त्वचा मात्र तेव्हाच सगळ्यात दुबळी असेल.

आणि मग सुकणं. माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे आणि आपण त्याच्याकडे सगळ्यांत कमी पाहिलं आहे. त्वचेत पाणी धरून ठेवणारे काही पदार्थ असतात. अमिनो आम्लं, युरिया, लॅक्टेट, पायरोलिडोन कार्बोक्सिलिक आम्ल. यांतली बरीचशी अमिनो आम्लं फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या विघटनातून तयार होतात, आणि ते विघटन किती व्हावं हे भोवतालच्या आर्द्रतेवरही ठरतं. हे सगळे पदार्थ पाण्यात विरघळणारे आहेत. दिवसभर भिजायचं, पुसायचं, पुन्हा भिजायचं, संध्याकाळी साबणाने खसाखसा धुवायचं, या चक्रात ते निघून जातात. उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर पत्र एकांगी होईल. घामातच युरिया आणि लॅक्टेट असतात, त्यामुळे माफक घाम येणं त्वचेच्या ओलाव्याला मदतही करतं. ज्यांना घाम फारच कमी येतो त्यांची त्वचा बऱ्याचदा कोरडी असते. घाम हा म्हणूनच नुसता ‘अडथळा’ नाही. तो या विषयाचा भाग आहे, आणि आपले नियम त्याला फक्त अडथळा मानतात.

संशोधक अर्विन ब्लँक यांनी १९५२ मध्ये दाखवलं की त्वचेचा वरचा थर मऊ राहतो तो तेलाने नव्हे, पाण्याने. सुकलेल्या शृंगस्तराला तेल चोपडून तो मऊ होत नाही, पाणी मिळालं की होतो. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी हे कळल्यावर पुढचा प्रश्न आपोआप असा असायला हवा होता, की हे पाणी दिवसभरात किती वेळा चढतं-उतरतं आणि प्रत्येक चढ-उताराची त्वचेला काय किंमत द्यावी लागते. तो प्रश्न विचारायला आपल्याला एका माणसाचं एकच रीडिंग पुरणार नाही.

आता उपकरणांकडे येते, कारण अभियंत्यांनाही मला काही विनवायचं आहे.

सर्वाधिक वापरात असलेलं कॉर्निओमीटर विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजतं. एखादा पदार्थ ही क्षमता किती पट वाढवतो ते सांगणारा आकडा, म्हणजे परावैद्युत स्थिरांक, पाण्याचा ८० च्या आसपास आहे आणि त्वचेतल्या इतर बहुतेक पदार्थांचा त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून धारिता वाढली की पाणी वाढलं असं धरतात, आणि ० ते १२० अशा पट्टीवर आकडा देतात. या आकड्याला कुठलंही एकक नाही, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. साठ म्हणजे साठ टक्के पाणी नव्हे. दुसऱ्या घराण्यातली उपकरणं, उदाहरणार्थ जपानमध्ये पुढे आलेलं स्किकॉन, विद्युतवाहकता मोजतात आणि उत्तर मायक्रोसीमेन्समध्ये देतात.

दोन्ही रीतसर, दोन्ही उपयोगी. पण तापमान चढलं की मोकळ्या पाण्याचं काय होतं ते बघा. त्याचा परावैद्युत स्थिरांक २० अंशांना ८० असतो तो ४० अंशांना ७३ वर उतरतो. उलट, क्षार विरघळलेल्या पाण्याची वाहकता दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी चढते. पाणी तेवढंच, आणि धारितेचं तत्त्व एकीकडे खेचतं, वाहकतेचं दुसरीकडे. त्यात घामाचं मीठ त्वचेवर वाळून बसलेलं असेल तर वाहकता आणखीच फुगते. शृंगस्तरातलं पाणी मोकळं नसतं, बरंचसं मृत पेशींतल्या केराटिन या प्रथिनाला बांधलेलं असतं, त्यामुळे वरची टक्केवारी जशीच्या तशी वजा-बेरीज करून चालणार नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच तर मागणी आहे : प्रोबच्या टोकाशी त्वचेचं तापमान मोजणारा सेन्सर बसवा, आणि प्रत्येक रीडिंगसोबत ते तापमान आपोआप नोंदवा. ज्या थोड्या उपकरणांत अशी सोय असते तिथेही ती वेगळी विकत घ्यायची जोडणी असते आणि छोट्या प्रयोगशाळा ती घेत नाहीत. आम्ही घेतली नव्हती.

त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. एका मलमाच्या चाचणीत लोकांचं पहिलं रीडिंग सकाळी गारव्यात झालं आणि दुसरं, चार आठवड्यांनी, ऐन उकाड्याच्या दुपारी. माणसं उन्हातून चालत, जिने चढून आली होती. त्या दिवशी गर्दी होती म्हणून बैठक अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांवर आली. आकडे छान वाढलेले दिसले. ती वाढ मलमाच्या खात्यात जमा झाली आणि अहवालावर माझी सही आहे. मलम न लावलेल्या दुसऱ्या हाताचे आकडेही वाढले होते, हे मी नंतर वह्या चाळताना पाहिलं. ते तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि मी ते सांगितलं नाही. घाईच्या दिवसात कुठल्याही प्रयोगशाळेत हे होऊ शकतं, आणि रीडिंगशेजारी त्वचेचं तापमान छापलेलं असतं तर ते लपलं नसतं.

खोलीच्या आर्द्रतेच्या नोंदीबद्दलही एक छोटी गोष्ट. अहवालात आपण ‘सापेक्ष आर्द्रता ५५ टक्के’ एवढंच लिहितो, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल तिच्या ५५ टक्के. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असलेली हवा, तिच्यातली वाफ जराही न बदलता, २२ अंशांपर्यंत थंड केली तर तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ५५ टक्क्यांच्या घरात पोचते. टक्केवारी दुपटीहून जास्त वाढली, पाण्याची वाफ तेवढीच. त्वचेतून पाणी किती वेगाने उडेल हे ठरतं ते तापलेल्या त्वचेलगतच्या वाफेच्या दाबावर आणि हवेतल्या वाफेच्या दाबावर, त्या दोहोंतल्या फरकावर. टक्केवारीसोबत बाष्पदाब लिहायला एक ओळ पुरते.

मग मला नेमकं काय हवं आहे? थंड खोली मोडीत काढा असं मी म्हणत नाही. तिच्या जोडीला दुसरी खोली हवी. तीसुद्धा तितक्याच शिस्तीची, ठरलेल्या तापमानाची, ठरलेल्या बाष्पदाबाची, पण उष्ण. आत जाण्यापूर्वी एक रीडिंग, आत ठरावीक वेळ बसल्यावर घाम टिपून घेऊन आणि त्याचं वजन करून एक, आणि बाहेर आल्यावर मात्र एक नव्हे, अनेक : पाच मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी. उष्णतेतून आलेली त्वचा किती वेळात पूर्वपदावर येते आणि येते की नाही, हा आलेख मला कुठल्याही एका आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. दोन माणसांचं गार खोलीतलं रीडिंग एकसारखं असूनही एकाची त्वचा तासाभरात सावरत असेल आणि दुसऱ्याची रात्रभर सावरत नसेल, तर ते दोघं एकसारखे नाहीत.

उष्णतेला शरीर सरावतं, हेही या नियमांत यायला हवं. रोज उकाड्यात राहिल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तेव्हा वातानुकूलित कचेरीतून आलेला माणूस आणि बारा महिने भट्टीवर उभा राहणारा माणूस यांना एकाच गटात घालून सरासरी काढणं चूक आहे. आपल्याकडच्या चाचण्यांना येतात ते मुख्यतः पहिल्या प्रकारचे लोक, ज्यांना दिवसा दोन तास मोकळे असतात. इस्त्रीवाल्या बाईंनी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती.

मोजायची जागाही एकदा तपासून बघा. हाताची आतली बाजू सोयीची आहे, तिथे केस कमी, ऊन कमी. पण उकाड्यात कपाळ आणि पाठ तिच्यापेक्षा कितीतरी जास्त घामतात, आणि काम करणाऱ्याची कातडी जिथे फाटते ती जागा बहुधा बोटांची, टाचांची किंवा पट्टा घासतो तिथली असते. लेसरचा प्रकाश टाकून तो कसा विखुरतो ते पाहणाऱ्या रामन वर्णपटासारख्या पद्धतींनी आता थरागणिक पाणी किती हेही बघता येतं. त्या महाग आहेत, सगळ्यांना जमणार नाहीत, पण निदान उष्ण खोलीतल्या साध्या उपकरणांची पडताळणी त्यांच्याशी एकदा व्हावी.

शेवटी एका गोष्टीबद्दल कळकळीने लिहिते, कारण तिथे प्रश्न फक्त कोरड्या हातांचा राहत नाही. त्वचेचा ओलावा दाखवणारी छोटी यंत्रं आता कुणालाही विकत मिळतात, आणि त्यांचा आकडा ‘तुमच्या शरीरात पाणी किती’ अशा अर्थाने वाचला जातो. हे धोक्याचं आहे. उन्हात काम करून ज्याच्या अंगातलं दोन लिटर पाणी घामावाटे गेलं आहे, त्याच्या चिंब त्वचेवर हे यंत्र उत्तम आकडा दाखवेल. ज्याची कातडी वयामुळे सुकली आहे पण जो व्यवस्थित पाणी पितो आहे, त्याला ते वाईट आकडा दाखवेल. वरचे वीस मायक्रोमीटर आणि रक्तातलं पाणी यांच्यात असा सरळ संबंध नाही. चिमटीत कातडी धरून ती किती वेळाने बसते हे पाहण्याची जुनी रीतसुद्धा वयस्कर माणसांत फसवते, कारण त्यांच्या कातडीची लवचीकताच कमी झालेली असते. उष्णतेत काम करणाऱ्याच्या शरीरातलं पाणी किती घटलं हे पाहायचं तर कामाआधी आणि कामानंतर, अंग पुसून, वजन करणं हा साधा आणि भरवशाचा उपाय आहे. कोरड्या, तापलेल्या त्वचेचा उष्माघात सगळ्यांना माहीत असतो, पण अंगमेहनतीने होणाऱ्या उष्माघातात त्वचा घामाने ओलीही असू शकते. अशा वेळी त्या यंत्रावरचा हिरवा दिवा पाहून कुणी सावलीत जायचं थांबलं, तर त्याची जबाबदारी कुणी घ्यायची? यंत्राच्या खोक्यावर, ठळक अक्षरात, ‘शरीरातल्या पाण्याचं मोजमाप नव्हे’ एवढं छापा. त्याला नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

माझ्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. रीडिंगशेजारी मी सवयीने बाहेरचं तापमान, माणूस कशाने आला, किती वेळ बसला हेही लिहीत असे. नावं काढून टाकून त्या ज्या समितीला हव्या असतील तिला मी देईन. उष्ण खोलीतल्या मोजणीचे नियम लिहायला कुणी बसणार असेल, तर प्रोब किती वेळाने, किती दाबाने टेकवायचा, घाम टिपताना त्वचा घासली जाऊ नये म्हणून कागद कसा ठेवायचा, असल्या बारीक गोष्टींसाठी मला बोलवा. मी येईन, आणि या वेळी सांगितलंत तर कामाच्या जागीही जाईन.

आपली,
त्वचामापन प्रयोगशाळेतली एक निवृत्त तंत्रज्ञ